रेल्वेवाल्यांच्या घरातल्या आया: कॉलबॉय, डबा आणि दिवसा झोपलेले बाबा

तापीकाठी
परवा भुसावळला आईकडे गेले होते, माळा आवरायला काढला तर एका खोक्यात जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा सापडला, १९७८ पासून ९६ पर्यंतची, मधली दोनचार गायब. आईने कधी डायरी लिहिली नाही पण कालनिर्णयाच्या प्रत्येक चौकोनात काहीतरी आहेच. दुधाचा आकडा, गॅस कधी लावला, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात बाबांची ड्युटी. "१४.२० बडनेरा", "०३.४० इगतपुरी", दुसऱ्या दिवशी "आले २२.१५". सातवी शिकलेली बाई पण वेळ कायम चोवीस ताशी. आमच्या घरात रात्रीचे बारा कधी वाजलेच नाहीत, शून्य शून्य वाजायचे :)

बाबा १९६४ ला क्लीनर म्हणून लागले, मग सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन, शंटर, गुड्स ड्रायव्हर असं करत करत शेवटी मेलवर, २००४ ला रिटायर. आईचं लग्न ७१ चं. म्हणजे तेहतीस वर्षं तिने हे केलं, आणि कोणी विचारलं काय करता तर सांगायची "काही नाही, घरीच असते".

नवीन लोकांसाठी: तेव्हा फोन नव्हते, ड्युटीचा निरोप (कॉल) घेऊन कॉलबॉय यायचा. सायकलवर, हातात कॉलबुक, गाडीच्या साधारण दोन तास आधी. रात्री दोनला कडी वाजली की "डायवर साब, चार दस का कॉल, खंडवा". त्या वहीत सही करायची. बाबा सही करेपर्यंत आईने स्टोव्ह पेटवलेला असायचा. तेवढ्यात आंघोळीचं पाणी, चहा, डबा, धुतलेले कपडे, बॅटरी. मालगाडीचं काही खरं नसायचं, कुठल्या लूपमध्ये (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) किती तास पडून राहील देव जाणे, म्हणून डबा निदान तीन वेळचा आणि टिकणारा. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, कांदा. मे महिन्यात आमच्याकडे ४५-४६ डिग्री, इंजिनात बॉयलरसमोर किती असेल विचार करा, त्यात वरण दिलं तर बोदवड यायच्या आत आंबायचं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते बाबांचं दिवसा झोपणं. रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस सकाळी दहाला झोपणार आणि आम्ही तीन पोरं घरात. आईने पुढच्या दाराची कडी सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने गुंडाळून ठेवली होती, वाजू नये म्हणून. बाबा झोपलेले असले की कुकर लावायचा नाही, शिट्टी होते, म्हणून डाळ पातेल्यात शिजायची. भाजीवाल्या आजी आमच्या दारापुढे आल्या की ओरडणं बंद करून नुसत्या हात हलवायच्या. कूलरची घरघर चालायची पण कुजबुज नाही. आणि आम्ही चिडलो की तिचं एकच, "तुमच्या बाबांच्या मागे हजार माणसं झोपून जातात, त्यांना झोपायचं असेल तर आधी बाबांना झोपू दे".

बाबांनी एकदा महिन्याच्या हिशोबात दोन ट्रिपा लिहायच्याच विसरल्या होत्या, मायलेजचे (किती किलोमीटर गाडी चालवली त्याचे) पैसे गेले असते, आईने कालनिर्णय काढून दाखवला. तेव्हापासून फॉर्म भरताना ते तिलाच हाक मारायचे.

इथे कोणी रेल्वे कॉलनीतलं आहे का? लिहा, तुमच्याकडे कसं होतं.

---

गुमटी
अरे वा, माझाच विषय. वडील स्टेशन मास्तर, दौंड-मनमाड लाईनवरच्या अगदी छोट्या स्टेशनांवर गेली आमची बारा वर्षं. गाव दोन-तीन किलोमीटर लांब, स्टेशनवर आम्ही, पॉइंट्समनची दोन घरं आणि बाभळी. दुकान नाही, दवाखाना नाही. बाजाराला जायला रेल्वेचा बाजार पास मिळायचा, आई आठवड्याला एकदा पॅसेंजरने मनमाडला जाऊन पिशव्या भरून आणायची, आणि मधेच काही संपलं तर गार्डला चिठ्ठी. ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डच्या डब्यातून, कोथिंबीर आलेली मी पाहिली आहे.

सिंगल लाईन होती, टोकनचा गोळा (तो मिळाला तरच ड्रायव्हरने गाडी पुढे न्यायची) काढायचं ते यंत्र ऑफिसात, घंटा टण टण वाजायची आणि क्वार्टर भिंतीला भिंत लागून. आईला ते ठोके सगळे पाठ. पोळी लाटता लाटता म्हणायची "नगरकडून गाडी निघाली, चहा टाकते". वडिलांनी तिला कधी शिकवलं नव्हतं हो, कान तयार झाले आपोआप. पुढे वडील रिटायर झाले, आम्ही नाशिकला फ्लॅटमध्ये आलो तर पहिले सहा महिने तिला झोप लागेना. शांततेनेच जाग यायची म्हणे.

पाण्याचं तर बोलायलाच नको. मनमाडच्या पाण्याची ख्याती महाराष्ट्राला माहीत आहे, आमच्याकडे त्याहून वाईट. वाफेचं इंजिन थांबलं की ड्रायव्हरकाका इंजिनातलं उकळतं पाणी बादलीभर द्यायचे, आमची थंडीतली आंघोळ त्यावर.

---

बटाटेवडा
हाहा इंजिनाच्या पाण्याची आंघोळ, हे फक्त रेल्वेवालेच समजू शकतात. आमच्याकडे वडील शेडमध्ये फिटर. पाईप पुसायला मिळायचं ना ते कॉटन वेस्ट, ते घरी यायचं आणि आई त्याने स्टोव्ह पुसायची, ट्यूबलाईट पुसायची, सायकल पुसायची. आणि वडिलांचे कपडे! त्यांची बादली वेगळी, दगड वेगळा, सोडा टाकून आधी उकळायचे. तरी तो ऑइलचा वास कपाटात कायम. आता तो वास कुठे गॅरेजमध्ये आला की डोळ्यात पाणी येतं च्यायला.

---

रोखठोक
सगळ्यांचं वाचतोय, छान आहे, पण एक बोलू का? राग मानू नका. आपण आयांना मखरात बसवण्यात पटाईत आहोत. तेहतीस वर्षं रात्री दोनला उठायला तिला कोणी विचारलं होतं का? पगार रेल्वे बाबांना देत होती आणि राबणारी माणसं दोन होती. बाबांना सोळा तास रेस्ट नियमात लिहिलेला होता, आईचा रेस्ट कुठल्या नियमात होता? कुकरची शिट्टी नको म्हणून पातेल्यात डाळ शिजवणं हे वाचायला गोड वाटतं, करणाऱ्याला रॉकेल जास्त लागतं.

---

घाटपायथा
रोखठोक +१. आणि मी अजून एक म्हणते, "गृहिणी" हा शब्द सुद्धा ड्रायव्हर, गार्ड, मास्तर यांच्या बायकांनाच मिळाला. माझे सासरे गँगमन (रुळांची देखभाल करणारे), कसाऱ्याच्या बाजूला. सासू कधी "घरीच" नव्हती. सकाळी चारला उठून भाकऱ्या, मग सासऱ्यांचा डबा फडक्यात, मग दुसऱ्याच्या शेतात लावणीला, येताना डोक्यावर लाकडं. गँगचाळीत एक खोली, त्यात आठ माणसं.

पावसाळ्यात सासऱ्यांना पेट्रोलिंग लागायचं. थळ घाट म्हणजे सदतीसला एक (सदतीस फुटांत एक फूट) असा चढ, वर डोंगर, खाली दरी, पाऊस कसा पडतो तिकडे ते माहीत असलेल्यांना माहीत. हा माणूस रात्रभर खांद्यावर झोळी, हातात दिवा, झोळीत फटाके (रुळावर लावायचे, धोका असला की गाडी थांबवायला), रुळांवरून चालत जायचा. दरड आली का, रुळाखालची खडी वाहून गेली का बघत. सासू सांगते की रात्री घाटात धडाम आवाज आला की ती उठून बसायची आणि पुढची गाडी चढताना ऐकू येईपर्यंत बसून राहायची. गाडी गेली म्हणजे रूळ ठीक आहे, रूळ ठीक आहे म्हणजे माणूस ठीक आहे. असा तिचा हिशोब. तिच्याकडे कालनिर्णय नव्हतं.

---

तापीकाठी
घाटपायथा, तुमचा मुद्दा एकदम मान्य, आमच्या कॉलनीत सुद्धा क्वार्टरच्या टाईपवरून बायकांचं हळदीकुंकू वेगवेगळं व्हायचं, लहानपणी ते कळलं नव्हतं. रोखठोक, तुम्हाला उत्तर द्यायला बसले होते, दोनदा लिहून पुसलं. उद्या लिहिते.

---

जुनाफायरमन
मी ८१ वर्षांचा आहे, नातू टाईप करून देतोय. ७४ च्या रेल्वे संपाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ८ मे ला सुरू झाला, २७ मे ला मागे घेतला, वीस दिवस. जॉर्ज फर्नांडिस पुढारी. मागण्या म्हणजे बोनस, आणि आठ तास ड्युटी, कारण तेव्हा आम्ही सलग किती तास इंजिनवर असायचो त्याला धरबंद नव्हता. हजारो लोक आत टाकले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, कॉलन्यांमधून क्वार्टर खाली करायच्या नोटिसा.

मी दौंडला होतो. पकडतील म्हणून भीमेच्या काठच्या उसात सात रात्री काढल्या. आमची ही रोज संध्याकाळी धुण्याची बादली घेऊन नदीवर जायची. बादलीत वर कपडे, खाली भाकरी आणि ठेचा. रोज वेगळ्या वाटेने. पोटात आमचा थोरला, सातवा महिना. एके दिवशी पोलिसांनी वाटेत अडवून विचारलं नवरा कुठंय, तर म्हणाली "मलाच शोधून द्या, पगार झाला नाही आणि पळालाय मेला". ते हसले आणि सोडलं.

माझी नोकरी गेली ती ७७ ला जनता सरकार आलं, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा परत मिळाली. मधली जवळजवळ तीन वर्षं हिने पापड लाटून आणि गोधड्या शिवून घर चालवलं. दंडवत्यांनी लाकडी बाकांवर फोम बसवला म्हणून लोक त्यांचं नाव काढतात, आमच्या घरी वेगळ्या कारणाने काढतात. ही २०१९ ला गेली. तिला "मेला" म्हणाल्याबद्दल मी आयुष्यभर चिडवलं.

---

बटाटेवडा
आजोबा, दंडवत. बादली डोळ्यासमोर आली.

---

सिग्नलहिरवा
मी आत्ताची केस. नवरा लोको पायलट (आता ड्रायव्हर म्हणायचं नाही, आणि २०२२ पासून गार्ड पण "ट्रेन मॅनेजर" झालाय), आम्ही इगतपुरीला. कॉलबॉय नाही, मोबाईलवर कॉल येतो. बाकी सगळं तेच आहे हो! फक्त कडीच्या जागी रिंगटोन. ती रिंगटोन कुठे लग्नात दुसऱ्याच्या फोनवर वाजली तरी माझा हात आपोआप कणकेच्या डब्याकडे जातो.

ड्युटीवर त्यांना फोन बंद ठेवावा लागतो. मग मी काय करते, पॅसेंजर गाडी असेल तर ॲपवर गाडी कुठे पोचली बघत बसते. मालगाडी असली की ॲपवर काही दिसत नाही, तेव्हा नुसतं व्हॉट्सॲपवर "लास्ट सीन" बघायचं. पहाटे ४.३२ ला ऑनलाईन दिसले म्हणजे रनिंग रूमला (ड्युटीवरच्यांची बाहेरगावची झोपायची जागा) पोचले. मेसेज करत नाही, झोपू दे म्हणून.

आणि एक गंमत. आम्हा बायकांना सेमिनारला बोलावतात. खरंच. लॉबीतले (ड्युटीची हजेरी लागते त्या ऑफिसातले) साहेब समजावतात की वहिनी, ड्युटीवरून आल्यावर त्यांना झोपू द्या, घरातली भांडणं, पैशाच्या कटकटी निघताना काढू नका, ड्रायव्हरचं डोकं शांत असलं तर सिग्नल चुकत नाही. चहा, सामोसा, ग्रुप फोटो. सगळं बरोबरच बोलतात, पण माझ्या शेजारची हळूच म्हणाली, "आपलं डोकं शांत ठेवायचा सेमिनार कधी असतो?" मी सामोसा खाताना ठसकले.

मी लग्नाआधी शाळेत शिकवत होते. मुलगी झाल्यावर सोडलं, कारण दोघांपैकी एकाला तरी कळलं पाहिजे की आज रात्री घरी कोण असणार. रोखठोक बरोबर बोलतायत असं रात्री वाटतं, सकाळी ते दमून दारात उभे राहिले की वाटत नाही. असंच चाललंय.

---

गुमटी
अवांतर: सुरेखा यादव आठवल्या. साताऱ्याच्या, आशियातल्या पहिल्या महिला लोको पायलट, मार्च २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवत आणली तेव्हा सगळीकडे फोटो होते. तेव्हा माझ्या आईने टीव्ही बघून विचारलेला प्रश्न, "हिचा डबा कोण भरतं गं?" आम्ही हसलो. नंतर वाटलं की सगळ्या बातम्यांमध्ये हा प्रश्न फक्त तिलाच पडला, कारण तिनेच भरले होते.

---

तापीकाठी
हां, तर रोखठोक. लिहिते म्हणाले होते.

१९८३, फेब्रुवारी. मी नऊ वर्षांची. दुपारी तार आली, आईचे वडील गेले. ते रावेरला, म्हणजे भुसावळहून तास-सव्वा तासाचं अंतर. बाबा रात्रपाळी करून आलेले, आत झोपलेले. आईने तार वाचली, घडी केली, ब्लाउजमध्ये खोचली. रडली नाही. मला जवळ घेऊन म्हणाली बाबांना सांगायचं नाही. थोड्या वेळाने कॉलबॉय आला, १६.५० ची मालगाडी, खंडवा. आईने दशम्या केल्या. चहा दिला. बाबा म्हणाले डोळे का लाल, तर म्हणाली कांदा. आणि माणूस निघून गेला.

मग तिने आम्हाला शेजारच्या काकूंकडे सोडलं (काकूंना तार दाखवली होती) आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने निघाली. एकटी. आता खंडवा लाईन म्हणजे रावेरवरूनच जाते. बाबांची मालगाडी रावेर स्टेशनात लूपमध्ये घातलेली होती, मागची पॅसेंजर पुढे काढायला. आईची पॅसेंजर बरोबर तिच्या शेजारून गेली. तिने खिडकीतून बाबांना इंजिनात पाहिलं. हाक मारली नाही.

बाबा दुसऱ्या दिवशी रात्री परत आले तेव्हा काकूंनी सांगितलं. ते तसेच रावेरला गेले, तोवर सगळं उरकलेलं. पंधरा दिवस आईशी बोलले नाहीत. मग एकदा जेवताना म्हणाले, तिथेच उभा होतो ना मी, स्मशान दिसतं तिथून, कोणी येऊन सांगितलं असतं तर. आई म्हणाली, "आणि पुढे गाडी कोणी नेली असती? तुम्हीच नेली असती. रडत."

मला कित्येक वर्षं वाटायचं केवढी धीराची आपली आई. मग मी स्वतः नोकरीला लागले, लग्न झालं, तेव्हा राग यायला लागला, तिचा नाही, त्या सगळ्याचा, की माणसाला बाप गेल्यावर नवऱ्याच्या गळ्यात पडून रडता येऊ नये? तुमचा प्रश्न म्हणून पुसून पुसून लिहिला. परवा त्या गठ्ठ्यात ८३ चं कालनिर्णय मुद्दाम शोधलं. त्या तारखेच्या चौकोनात लिहिलंय, "दूध १॥. १६.५० खंडवा. भाऊ गेले." वडिलांना ती भाऊ म्हणायची. दूध आधी लिहिलेलं असणार, ते सकाळचं. पण खंडवा तिने भाऊंच्या आधी का लिहिलं, ते मी तिला विचारलं नाही.

---

रोखठोक
ताई, मी गप्प. मुद्दा अजूनही तोच आहे माझा, पण गप्प.

---

घाटपायथा
तापीकाठी, आईंना हा धागा वाचून दाखवा ना.

---

सिग्नलहिरवा
हो प्लीज. आणि विचारा त्यांना, मे महिन्यात डब्यात काय देऊ. आमचे दशमी खात नाहीत, रोज डाळभात मागतात.

---

तापीकाठी
काल रात्री फोनवर वाचून दाखवला, जवळजवळ तासभर लागला. मधेमधे "हं" करत होती. आजोबांची बादली ऐकून खूप हसली, म्हणाली आमच्या चाळीतली एक तर पिठाच्या डब्यात भाकऱ्या न्यायची.

रावेरचं ऐकून म्हणाली, "चुकीचं लिहिलंस. रावेर नाही, निंभोऱ्याला उभी होती गाडी. स्मशान वगैरे काही दिसत नाही तिथून, ते तुझे बाबा रागात बोलले." मी म्हटलं बरं, निंभोरा, पण हाक का नाही मारलीस? मला वाटलं तेच सांगेल, हजार माणसं वगैरे. पण मालगाडीत कुठे माणसं असतात, ते मला आत्ता इतक्या वर्षांनी सुचतंय.

म्हणाली, "डबा उघडला होता ना त्यांनी. पहिला घास होता."

सिग्नलहिरवा, तुझ्यासाठी निरोप: डाळभात मेमध्ये अजिबात देऊ नको, पाच तासांत वास येतो. दशमी नको असेल तर पुऱ्या दे मीठ-ओव्याच्या, आणि कांदा अख्खा दे, चिरून नाही. आणि विचारत होती, त्याचा इगतपुरीहून भुसावळला रेस्ट असतो का कधी? असला तर घरी येऊन जेव म्हणावं, रनिंग रूमला कशाला.

---

सिग्नलहिरवा
असतो काकू. गुरुवारी आहे बहुतेक. कॉल आला की कळवते.